शहात्तर एकवीस की शहात्तर अठ्ठावीस?

नेट गेलं की घरातला माणूस आधी राउटर बंद करतो, मनातल्या मनात दहापर्यंत आकडे म्हणतो आणि पुन्हा चालू करतो. शिक्षण, वय, पगार, पक्ष, कशानेही या विधीत फरक पडत नाही. आयटीतला जावई हेच करतो आणि बल्ब बदलायलाही वायरमन बोलावणारे त्याचे सासरेही हेच करतात. हेल्पलाइनला फोन लावला तर आधी सतार वाजते, मग एक गोड आवाज विचारतो, “सर, एकदा रिस्टार्ट करून पाहिलंत का?” थोडक्यात, घरी उरकलेला विधीच पुन्हा सांगण्यासाठी तिकडे माणसं पगारावर ठेवलेली असतात.

यातली गंमत अशी, की उपाय लागू पडतो. आणि गुण येतोय म्हटल्यावर औषधात काय आहे हे विचारायची आपल्याकडे पद्धत नाही. त्यामुळे ज्या वस्तूवर मुलांचे क्लास, बापाची नोकरी, आईच्या मालिका आणि आजोबांची भजनं चालतात, तिच्या पोटात नेमकं कोण राबतंय याची चौकशी कोणी करत नाही.

राउटरबद्दलचं घरगुती ज्ञान दोन ठिकाणी थांबतं: दिवे आणि अँटेना. दिव्यांचं शास्त्र सोपं. हिरवा लागला की ठीक, लाल लागला की इंटरनेटवाल्या पोराला फोन. तो विचारतो, “काका, लॉसचा दिवा लाल आहे का?” काका चष्मा शोधतात, गुडघ्यावर हात ठेवून वाकतात आणि अहवाल देतात, “सगळेच लुकलुकताहेत.” पोरगा समजून चुकतो आणि म्हणतो, “संध्याकाळी येतो.” कुठली संध्याकाळ, हे तो सांगत नाही आणि काकाही विचारत नाहीत.

अँटेनांचं शास्त्र मात्र अवघड, कारण ते घरातल्या प्रत्येकाला येतं. आतल्या खोलीत रेंज येत नाही असं सुनेने म्हणायचा अवकाश, घरातलं एखादं कर्तं माणूस उठतं आणि अँटेनाचं टोक त्या खोलीवर नीट रोखून ठेवतं. प्रत्यक्षात या दांडीछाप अँटेनाच्या टोकातून सर्वांत कमी लहरी निघतात. त्या पसरतात दांडीच्या अंगातून, चारही बाजूंना. म्हणजे ज्या खोलीवर टोक रोखलं, तिच्याच वाट्याला सर्वांत कमी येतं. आमच्या माहितीतल्या एका घरात चार अँटेना चार खोल्यांना समान वाटून दिल्या आहेत. चारही खोल्यांची तक्रार आहे आणि ती चारही खोल्यांची खरी आहे.

काम करणारा गडी या दिव्यांत नाही आणि अँटेनांतही नाही. त्याला भेटायचं तर डबा उघडावा लागतो. माळ्यावर एखादा जुना राउटर असतोच, कारण ‘असू दे, लागेल कधीतरी’ या खात्यात जमा झालेली वस्तू आपल्याकडे बाहेर पडत नाही. तो घ्या. चालू राउटर उघडायला बसू नका, घरात बंड होईल.

आधी वाटतं याला स्क्रूच नाहीत. ते तळाच्या रबरी पायांखाली किंवा स्टिकरच्या मागे दडवलेले असतात. स्क्रू निघाल्यावर झाकणाच्या खाचा टक् टक् करत सुटतात. त्यातली एक मोडते, ती मोडणारच. झाकण निघालं की पहिला धक्का बसतो तो हा, की निम्मा डबा रिकामा आहे. उरलेल्या अर्ध्यात एक पाटी. वायरींच्या खोबणींमागे काळे, ठसठशीत ठोकळे दिसतात. बघणारा त्यांनाच मेंदू समजतो आणि शेजारच्याला तसं सांगतोही. ते बिचारे साधे ट्रान्सफॉर्मर असतात. वायरीतून संदेश आत घ्यायचा, पण वायर आणि पाटी यांच्यात विजेचा थेट संबंध येऊ द्यायचा नाही, एवढंच त्यांचं काम. बाजूला पत्र्याची एक डबी असते. तिच्याखाली रेडिओची नाजूक मंडळी बसलेली असतात, त्यांची गडबड बाहेर आणि बाहेरची आत जाऊ नये म्हणून. आठ पायांची एक बारकी चिप असते, तिच्यात सॉफ्टवेअर साठवलेलं. आणि मधोमध, जेमतेम दीड-दोन सेंटिमीटरचा एक काळा चौकोन. कधी त्याच्या डोक्यावर ॲल्युमिनियमचा लहानसा कंगवा चिकटवलेला असतो, कधी तेवढीही मेहरबानी नसते. त्यावर मोबाइलचा टॉर्च तिरका धरला की ब्रॉडकॉम, क्वालकॉम, मीडियाटेक किंवा रिअलटेक असं एखादं नाव आणि खाली एक नंबर उमटतो.

तोच घराचा कर्ता. खोक्यावर त्याचं नाव बहुधा नसतं.

या एका चौकोनात किती खाती आहेत पाहा. हिशेब करणारा प्रोसेसर आत. वायरींची वाहतूक वळवणारा स्विच आत. बऱ्याच चिपांत वायफायच्या रेडिओची आकडेमोड आत, मेमरीची देखरेख आत. डब्याच्या पाठीवर चार पिवळ्या खोबणी आणि एक निळी असते. निळीत बाहेरची वायर घालायची, चुकून पिवळीत घातली तर इंटरनेटवाला पोरगा आपल्याकडे ज्या नजरेने बघतो ती विसरता येत नाही. पण बहुतेक स्वस्त राउटरांत या पाचही खोबणी आत एकाच स्विचला जोडलेल्या असतात. निळीला ‘बाहेरची’ ठरवतं ते सॉफ्टवेअर. रंग प्लास्टिकवाल्याने दिलेला.

आता त्याचं मुख्य काम. तुमच्या घरातल्या राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल. माझ्याही घरातल्याचा तोच. साताऱ्यातल्या एखाद्या खानावळीच्या गल्ल्यामागे लटकवलेल्याचाही तोच असू शकतो. १९९६ साली ठरलेल्या नियमानुसार काही पत्ते फक्त घरगुती वापरासाठी राखून ठेवले, ते कुणीही वापरावेत. बाहेरच्या जगात अख्ख्या घराला मिळून एकच पत्ता दिसतो. मग आजोबांनी मागवलेलं भजन आजोबांच्याच फोनवर आणि नातवाने झाडलेल्या गोळीचं उत्तर नातवाच्याच खेळात, हे जमतं कसं? तर हा चौकोन एक वही ठेवतो. कोणी, कुठे, काय मागितलं याची प्रत्येक जोडणीमागे एक नोंद. उत्तर आलं की वही बघायची आणि ज्याचं त्याला द्यायचं. घरातला टीव्ही, तीन फोन आणि दाराचा कॅमेरा मिळून ही वही सेकंदागणिक भरत असतात.

वहीची पानं मात्र मोजकी. लहान राउटरात काही हजार नोंदी मावतात. आणि बहुतेक राउटर ज्या लिनक्सवर चालतात त्याच्या मूळ नियमात एक विलक्षण शिष्टाचार आहे. समोरचा निरोप न घेताच गप्प झाला, तर त्याची नोंद पाच दिवस जपून ठेवायची. मोजून ४,३२,००० सेकंद. न जाणो, बोलायला परत आला तर! समजूतदार कंपन्या ही मुदत कमी करून ठेवतात, बाकीच्या ठेवत नाहीत. मग मेलेल्या जोडण्यांनी वही भरते, नव्याला जागा उरत नाही आणि घरात आरोळी उठते, “नेट गेलं!” नेट कुठेही गेलेलं नसतं. त्यात भर म्हणून सॉफ्टवेअर गचाळ असलं तर घेतलेली मेमरी परत द्यायची विसरतं. बटण बंद केलं की वही कोरी, मेमरी रिकामी. म्हणजे सासऱ्यांचा उपाय शास्त्रशुद्ध आहे, फक्त सासऱ्यांनी शास्त्राला ते कळवलेलं नाही.

दहापर्यंत आकडे मोजून राउटर चालू केला की पुढची काही सेकंदं तो ज्या काळात जागा होतो तो काळ मोठा सुखाचा आहे. भिंतीवरच्या घड्याळात किंवा कॉम्प्युटरात असतो तसा घड्याळापुरता सेल यात घातलेला नसतो, कारण सेलाला पैसे पडतात. त्यामुळे वीज गेली की वेळ गेली. आणि लिनक्सची कालगणना १ जानेवारी १९७० पासून सुरू होत असल्याने, आठवायला काहीच नसलेला राउटर बहुधा त्याच दिवशी डोळे उघडतो. गुरुवार असतो. महाराष्ट्र राज्याला अजून दहा वर्षं पूर्ण व्हायची आहेत. मुंबईत दूरदर्शन सुरू व्हायला पावणेतीन वर्षं अवकाश आहे. आपल्याला कोणत्या मालिका ओढून आणायच्या आहेत, याची त्या निष्पाप जिवाला कल्पनाही नसते. मग बाहेरची वायर जोडली जाते, एखाद्या वेळ सांगणाऱ्या सर्व्हरला तो तारीख विचारतो आणि एका झटक्यात अर्धशतकाहून अधिक म्हातारा होतो. राउटरच्या नोंदवहीत, म्हणजे त्याच्या लॉगमध्ये, हा प्रवास स्पष्ट दिसतो: वरच्या ओळी १९७० च्या, खालच्या आजच्या आणि मध्ये कसलाही पश्चात्ताप नाही.

घराणं मात्र मोठं. राउटरच्या चिपांत वर्षानुवर्षं मिप्स नावाच्या रचनेचे प्रोसेसर बसत आले. ही रचना स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन हेनेसी यांच्या गटाने १९८० च्या दशकात घडवली, १९८४ साली तिची कंपनी निघाली. सोनीचं पहिलं प्लेस्टेशन आणि निंटेंडो ६४ या खेळयंत्रांत याच घराण्याचे प्रोसेसर होते. पुढे हेनेसी त्याच विद्यापीठाचे अध्यक्ष झाले आणि २०१७ सालचा ट्युरिंग पुरस्कार त्यांना डेव्हिड पॅटरसन यांच्यासोबत मिळाला. शिवाय वायफायच्या चिपा बनवणारी ॲथेरॉस कंपनी १९९८ साली काढणाऱ्यांत तेरेसा मेंग यांच्यासोबत हेच गृहस्थ होते. २०११ साली ती क्वालकॉमने विकत घेतली. म्हणजे आपल्या चपलांच्या रॅकवर, छत्रीच्या शेजारी, जे काही ठेवलंय त्याच्यामागे एवढी विद्वत्ता आहे.

या मिप्सची एक खोड मला फार जवळची वाटते. ‘आता हे सोड आणि अमुक ठिकाणी उडी मार’ अशी आज्ञा मिळाली, तरी तो लगेच उडी मारत नाही. त्या आज्ञेच्या पाठोपाठ जी एक आज्ञा लिहिलेली असेल ती आधी उरकतो, मग उडी मारतो. ‘चला, निघतो’ म्हणून उठलेला मराठी माणूस उंबऱ्यात उभा राहून एक नवा विषय काढतो आणि तो संपल्याशिवाय चपलेत पाय घालत नाही, त्यातलाच प्रकार. कारण मात्र पाहुण्यापेक्षा सयुक्तिक आहे. उडीचं नक्की होईपर्यंत पुढची आज्ञा आत आलेलीच असते, मग ती टाकून द्यायची कशाला? काटकसर अशी अंगात मुरलेली. अलीकडच्या महागड्या राउटरांत आर्म घराण्याचे प्रोसेसर येऊ लागले आहेत, पण स्वस्त डब्यांत मिप्स अजून उंबऱ्यात उभा आहे.

डब्यावरचं नाव आणि आतला गडी यांचा संबंध किती असतो, याचा सगळ्यांत गाजलेला दाखला लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरचा. २००२ च्या डिसेंबरात तो अमेरिकेत आला. निळा-काळा डबा, मागे दोन अँटेना. आत ब्रॉडकॉमची १२५ मेगाहर्ट्झची चिप, वायफाय वेगळ्या कार्डावर. पुढच्या आवृत्त्यांत वेग २०० मेगाहर्ट्झ झाला, वायफाय मुख्य चिपेत आलं आणि नंतर स्विचही तिच्यातच शिरला. बाहेरून डबा बव्हंशी तोच. सॉफ्टवेअर साठवायला जागा ४ मेगाबाइट, म्हणजे हल्ली हळदीच्या कार्यक्रमात काढलेल्या एका फोटोएवढी. २००३ मध्ये काही चौकस मंडळींच्या लक्षात आलं की आत चक्क लिनक्स आहे, आणि लिनक्सच्या परवान्याची अट अशी की वापरा, विका, पण बदललेला मजकूर लोकांना द्या. त्याच वर्षी लिंक्सिस विकत घेतलेल्या सिस्कोच्या काळात तो मजकूर खुला झाला. त्यातूनच २००४ मध्ये ‘ओपनडब्ल्यूआरटी’ हा प्रकल्प उभा राहिला, आज तो शेकडो जातींच्या राउटरांवर चालतो.

पुढचा अंक तर खास व्यापारी. २००५ मध्ये पाचवी आवृत्ती आली. नाव तेच, रंग तोच, अँटेना दोनच. आतली मेमरी १६ ऐवजी ८ मेगाबाइट, साठवणीची जागा ४ ऐवजी २ आणि लिनक्स जाऊन त्याच्या जागी दुसरंच सॉफ्टवेअर. ज्यांना जुनं हवं त्यांच्यासाठी जुनाच माल डब्ल्यूआरटी५४जीएल या नावाने वेगळा विकायला ठेवला. ‘एल’ लिनक्सचा.

ही परंपरा आजही जोरात आहे. एकाच मॉडेलच्या पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या आवृत्तीत तीन वेगळ्या चिपा निघू शकतात आणि खोक्यावरचा फोटो तिघींचा एकच असतो.

आता दुकानात जाऊ. “चांगला राउटर दाखवा,” म्हटलं की दुकानदार अँटेना मोजून भाव सांगतो. खोक्यावर लिहिलेलं असतं ‘एसी १२००’. आपण समजतो १२०० चा वेग. हा आकडा कसा जन्मला ते ऐका. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर जास्तीत जास्त ३००, ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर जास्तीत जास्त ८६७. बेरीज ११६७. ती बरी दिसेना म्हणून १२००. एक फोन एका वेळी एकाच पट्ट्यावर असतो, तेव्हा ही बेरीज कोणत्याही फोनला आयुष्यात भेटत नाही. शिवाय २.४ च्या पट्ट्यावर मायक्रोवेव्हही चालतो. त्याचा आकडा २.४५. स्वयंपाकघरात पापड भाजायला ठेवला की बाहेरच्या खोलीतली मीटिंग तुटते ती यामुळे. साहेबांना खरं कारण सांगता येत नाही, ते वेगळं.

चार अँटेनांपैकी दोन बहुधा या पट्ट्याच्या, दोन त्या. म्हणजे तिथेही बेरीजच.

खरा खेळ चिपेच्या नंबरात आहे. मीडियाटेकच्या दोन चिपा घ्या. एक एमटी ७६२१: दोन गाभ्यांचा मिप्स प्रोसेसर, ८८० मेगाहर्ट्झ, आतला स्विच गिगाबिटचा. दुसरी एमटी ७६२८: एकच गाभा, ५८० मेगाहर्ट्झ, आतला स्विच १०० मेगाबिटचा. कोणत्याही सुज्ञ माणसाला वाटेल की मोठा आकडा मोठी चिप. इथे उलटं आहे. अठ्ठावीस धाकटी, एकवीस थोरली. आणि ‘१२००’ लिहिलेल्या कितीतरी स्वस्त डब्यांत ही धाकटीच बसलेली असते. हवेत ८६७ च्या बाता, पण बाहेरून येणारी वायर ज्या निळ्या दारातून आत शिरते ते दारच १०० चं. तुम्ही ३०० चा प्लॅन घेतलात, दर महिन्याला पैसे भरलेत, तरी त्या दारातून १०० च्या वर एक थेंब आत येत नाही.

हे ओळखण्याची खूण सोपी आहे. स्पीड टेस्ट लावा. आकडा चढत चढत ९४ च्या आसपास येऊन अडला आणि दिवस-रात्र, पाऊस-ऊन, काहीही असो, तिथेच राहिला, तर दोष बहुतेक करून कंपनीच्या लाइनचा नाही. १०० मेगाबिटच्या दारातून शिष्टाचाराचा खर्च वजा जाता हातात उरतात ते एवढेच. वायर किंवा तिची एखादी पिन खराब असेल तरीही जोडणी १०० वर उतरते, म्हणून ती आधी बदलून बघावी. तरी ९४ च आलं, तर इंटरनेटवाल्या पोराला शिव्या देणं थांबवावं. त्याला त्या सवयीने आल्या तर येऊ द्याव्यात, पण कारण वेगळं आहे हे मनाशी ठेवावं.

डबा न उघडताही चिपेचं नाव कळू शकतं. तळाच्या स्टिकरवर मॉडेलच्या शेजारी ‘व्ही’ आणि एक आकडा असतो, ती आवृत्ती. मॉडेल आणि आवृत्ती दोन्ही मिळून ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीत शोधली की बऱ्याचदा चिप, मेमरी, दारांचा वेग सगळं समोर येतं. स्टिकरवर एफसीसीचा क्रमांक असला तर आणखी मजा. अमेरिकेच्या त्या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर तपासणीच्या वेळी काढलेले आतले फोटो बहुतेक वेळा सगळ्यांसाठी खुले असतात. आपला डबा तिकडच्या कुणीतरी आधीच उघडून ठेवलेला असतो, खाच न मोडता.

आणि एक विनंती घरच्या मंडळींना. त्या चौकोनाला पंखा नाही. झाकणाच्या छिद्रांतून जी काही हवा येते तेवढ्यावर तो चोवीस तास, दिवाळी-दसरा न बघता राबतो. त्याच्यावर क्रोशाचा रुमाल घालू नका, त्याला टीव्हीच्या मागे कोंबू नका, लोखंडी कपाटाच्या डोक्यावर तर मुळीच ठेवू नका. दसऱ्याला हळदकुंकू वाहायचंच असेल तर अडॅप्टरला वाहा, कुंकू छिद्रांतून आत जातं.

बाकी नवा राउटर घेताना दुकानदाराला एवढंच विचारा, “आत चिप कोणती?” तो हसेल आणि म्हणेल, “साहेब, असं कोणी विचारत नाही.” हसू द्या. खोकं हातात घ्या, उलटं करा आणि बारीक अक्षरांत ‘गिगाबिट’ शोधा. ते अँटेनांबद्दल नको, मागच्या दारांबद्दल लिहिलेलं हवं. तुमचा प्लॅन १०० च्या वरचा असेल आणि तो शब्द तिथे नसेल, तर कितीही अँटेना असोत, खोकं परत द्या.